कोणत्या गाडीचा?

इंदूरच्या सियागंजात काय किंवा जवाहर मार्गावर काय, स्पेअर पार्टच्या कुठल्याही काउंटरवर जा, तुम्ही तोंड उघडायच्या आत पहिला प्रश्न येतो, "कौनसी गाड़ी का?" आणि माझी गोची नेमकी तिथेच व्हायची, कारण माझ्याकडे गाडीच नव्हती. मी रुमालात गुंडाळलेला पॉइंट, म्हणजे इंजिनातला ठिणगीचा छोटा स्विच, काढून काचेवर ठेवायचो आणि म्हणायचो, इंजिनचा आहे. "हाँ तो कौनसी गाड़ी का इंजन?" गाडीचं नाही हो, पाण्याच्या पंपाचं, जुनं, इंग्लंडचं. एवढं म्हणलं की समोरचा माणूस माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागायचा. जून ते सप्टेंबर, तीन साडेतीन महिने दर शनिवारी दुपारी हेच. एकाने तर चक्क सांगितलं, "भिया, इसको शोकेस में रख दो, अच्छा लगेगा."

इंजिन विलियर्सचं. ज्यांच्या घरी शेती होती त्यांना नावावरूनच आठवेल, पेट्रोलवर सुरू करायचं, चांगलं गरम झालं की कॉक फिरवून घासलेटवर टाकायचं, आणि बंद करताना परत पेट्रोलवर आणून मगच बंद करायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ. इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावात १८९८ला ही कंपनी निघाली आणि ज्या रस्त्यावर निघाली त्या रस्त्याचं नावच तिला दिलं, विलियर्स स्ट्रीट. आधी सायकलचे पार्ट करायचे, मग छोटी इंजिनं, आणि ती इतकी खपली की १९५६ला २० लाखावं इंजिन लंडनच्या सायन्स म्युझियमला देऊन टाकलं. त्या लाखांतलं एक आमच्या रामबागेतल्या वाड्यात विहिरीजवळच्या पत्र्याखाली होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये फिटर. त्यांनी ते ६७-६८च्या सुमारास कुणाकडून तरी सेकंडहँड आणलं, म्हणजे आमच्याकडे आलं तेव्हाच ते कुणाच्या तरी हातून गेलेलं होतं, आणि ही गोष्ट मला फार उशिरा महत्त्वाची वाटली, पण ते पुढे.

१९७८ला इंदूरला नर्मदेचं पाणी आलं. पार जलूदहून, डोंगर चढवून. वाड्यात नळ आला आणि इंजिन बसलं ते बसलंच. आप्पा वर्षातून एकदा, दसऱ्याला, त्याला हळदकुंकू लावून दोरी ओढायचे, ते फटफट करायचं, विहिरीतून दोन बादल्या पाणी काढायचं, की झालं. पुढे तेही बंद झालं. आप्पा गेले. गेल्या वर्षी वाडा बिल्डरला दिला, विहीर बुजवायची ठरली, आणि भंगारवाल्याने इंजिनाला जो भाव सांगितला तो ऐकून काका म्हणाले, ह्याच्यापेक्षा जास्त तर मी त्याला ऑइल पाजलंय.

खरं सांगतो, मी ते भावनेपोटी वगैरे घरी आणलं नाही. जुन्या मशिनी जमवणाऱ्या एका गृहस्थांनी फोनवर सांगितलं होतं की चालू असेल तर बरे पैसे देऊ. बरे म्हणजे खरंच बरे. तेव्हा म्हणलं चालू करू, त्यात काय आहे. लोकमान्य नगरच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात चार विटांवर ठेवलं, सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "हे काय आहे आणि किती दिवस" असा मेसेज आला, मी "चार दिवस" लिहिलं.

पहिला रविवार फक्त कव्हर आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, काढण्यात गेला. कव्हरच्या एका बोल्टखाली वॉशर म्हणून भोकाचा पैसा निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३पासून, तांबं वाचवायला सरकारने पैशाला मधोमध भोक पाडलं होतं, तो. लहानपणी आप्पांच्या डब्यात असे पाच-सहा बघितलेले, आणि ते वॉशर म्हणूनच ठेवलेले, नाणं म्हणून नाही. मला हसू आलं, मी फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हार्ट दिलं. तो पैसा मला काय सांगत होता हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आत काय असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ह्या इंजिनाला बॅटरी नसते. जड फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात आणि ते एका कॉइलभोवती फिरतात. कॉइलला दोन गुंडाळ्या, एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, आणि तिच्यावर केसापेक्षा बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. चुंबक फिरले की जाड गुंडाळीत करंट वाहायला लागतो, तो एका छोट्या स्विचमधून जातो, तो स्विच म्हणजे पॉइंट. करंट अगदी भरात आला की शाफ्टवरचा उंचवटा पॉइंटच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतो, करंट एका झटक्यात तुटतो आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने बारीक गुंडाळीत दहा-पंधरा हजार व्होल्ट उठतात, ते प्लगच्या टोकावर उडी मारतात. म्हणजे ठिणगी जोडल्याने पडत नाही, तोडल्याने पडते. आणि तुटताना पॉइंटवरच ठिणगी पडून सगळी मजा तिथेच वाया जाऊ नये म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो, तो त्या क्षणी करंट स्वतःत घेतो.

एवढंच. चार वस्तू. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग. ह्यातली एकही आज इथल्या कुठल्या दुकानात ह्या इंजिनाच्या नावाने मिळत नाही.

माझ्या पॉइंटची अवस्था अशी होती की टोकाचे टंगस्टनचे ठिपके काळे पडलेले, मीटर लावलं तर बंद असतानाही आरपार काही जात नव्हतं. ते पॉलिश कागदाने घासून, मग कोरा जाड कागद मध्ये धरून ओढून साफ केलं, तेवढ्याने मीटर बोलायला लागला. पण टाच, म्हणजे उंचवट्यावर घासणारा तो फायबरचा तुकडा, झिजून गेलेली. गॅप पाहिजे पंधरा थाउ, इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा, आणि माझा कितीही सरकवला तरी आठ-नऊच्या पुढे उघडेना. म्हणून शोध सुरू झाला. शोध म्हणजे काय, तर हातात नमुना आणि "ह्याच्यासारखा द्या".

ह्याच्यासारखा कुणाकडेच नव्हता. राजदूतचा काढून दाखवला, लॅम्ब्रेटाचा दाखवला, लूनाचा दाखवला, बजाजचा तर डबाच. कुणाची दांडी लांब, कुणाची पिन जाड, कुणाची स्प्रिंग उलट्या बाजूला. एका बोहरा सेठच्या दुकानात माळ्यावरून धुळीने माखलेली खोकी उतरवली गेली, त्यात स्कूटरचे असे असे पार्ट निघाले की ती स्कूटरच रस्त्यावर दिसून तीस वर्षं झाली असतील. सेठनी प्रत्येक पॉइंट माझ्या नमुन्याशेजारी ठेवून डोळ्यानेच मापला आणि मान हलवली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला. भाचा म्हणाला, मामा तुम्ही कशाला पायपीट करता, ऑनलाइन विलायतेहून मागवू की. मागवला. तीन आठवड्यांनी आला, कस्टमसकट जी किंमत पडली ती बायकोला अजून सांगितलेली नाही. चकचकीत डबी, वर नेमकं माझ्या इंजिनाचं नाव. आणि तो माझ्या नमुन्याशी बिलकुल जुळेना! दांडी दोन सूत आखूड. मी काय निष्कर्ष काढला? की विकणाऱ्याने चुकीचा पाठवला. रागारागाने डबी कपाटात फेकली.

ह्या मधल्या काळात कंडेन्सरचा तमाशा झाला तोही सांगून टाकतो. जुना कंडेन्सर मीटरवर ठीक दाखवत होता पण जुन्या कागदी कंडेन्सरचं मीटरवरचं ठीक म्हणजे पाहुण्यांसमोर शहाणं बसलेलं पोर, खरा व्होल्टेज पडला की आतून गळतो. हे मला कळलं एका वाइंडिंगवाल्याकडे, त्याने मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला, पाचशे व्होल्टला काटा सरळ झोपला. मग मला वाटलं, कंडेन्सर म्हणजे कंडेन्सर, घरात पंख्याचा पडलाय तोच लावू. लावला. ठिणगी पडली, पण कशी, तर पिवळी, मरतुकडी, उदबत्तीच्या टोकासारखी. दोन दिवस मी कॉइलला शिव्या दिल्या. मग सहज दोन्हींवरचे आकडे वाचले (आधी का वाचले नाहीत हे विचारू नका). छताच्या पंख्याचा असतो साधारण २.५ मायक्रोफॅरडचा, आणि मॅग्नेटोला, म्हणजे ह्या चुंबक-कॉइलच्या ठिणगीयंत्राला, लागतो ०.२ ते ०.२५च्या आसपास. दहापट! एवढा मोठा हौद शेजारी ठेवला की करंट तुटायच्या ऐवजी निवांत त्यात उतरतो, झटका बसत नाही, हिशोबाने दाब जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो. आणि असं बरेच दिवस चालवलं की पॉइंटच्या एका ठिपक्याला खड्डा आणि समोरच्याला टेकाड तयार होतं, धातू इकडचा तिकडे जातो.

खरा इलाज महारानी रोडवर मिळाला, तोही इतका स्वस्त की लाज वाटली. पॉलिप्रोपिलीनचा ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा, चौकोनी, वाटाण्याच्या शेंगेतल्या दोन दाण्यांएवढा. ६३० का, तर पॉइंट उघडताना त्याच्यावर दोन-चारशे व्होल्टचे फटके बसतात, शंभर-दोनशेवाला टिकायचा नाही. आणि तो फ्लायव्हीलच्या आत कोंबायचा नाही, तिथे भट्टी असते. एक वायर बाहेर काढायची, त्याला एम्पायर स्लीव्ह, म्हणजे इन्सुलेशनची नळी, घालायची, आणि कंडेन्सर बाहेर थंड जागी बॉडीला आवळायचा. जुना मेलेला कंडेन्सर मी आत तसाच ठेवला, फक्त त्याची तार तोडली. दिसायला बरं दिसतं म्हणून. हे थोडं ढोंग आहे, मान्य.

तर पॉइंट. सप्टेंबर उजाडला, गणपती बसले, आणि कुणीतरी बंबई बाजारातल्या एका उस्तादांचं सांगितलं. वय ऐंशीच्या पुढे, दुकान केव्हाच मुलाकडे दिलेलं, स्वतः खुर्ची टाकून बसतात. मी रुमाल सोडला. त्यांनी पॉइंट हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, नखाने टाचेवरून फिरवलं, उलटा केला, परत सुलटा केला आणि विचारलं, "मशीन कहाँ हे?" घरी. "तो आप नमूना लेके घूम रिये हो तीन महीने से? भिया, नमूना ही गलत हे."

मग त्यांनी दाखवलं. टाच अख्खी घासलेली नव्हती, फक्त एका कडेने घासलेली, म्हणजे ती उंचवट्यावर पूर्ण बसतच नव्हती, तिरकी पडत होती. दांडीला बुडाशी कानशीचे ओरखडे, अगदी बारीक, एका दिशेचे, हाताला सवय असलेल्या माणसाचे. पिनच्या भोकात पितळेची पातळ नळी ठोकून भोक लहान केलेलं. "ये इसका हे ही नी. किसी ने घिस के बिठाया हे. पर कारीगर था, मानना पड़ेगा."

मी तिथे स्टुलावर बसलोच. कारीगर कोण ते मला सांगायला नको होतं. मिलच्या झांकीत, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यात, अनंत चतुर्दशीला हनुमान हात वर-खाली करायचा तो सायकलच्या चेनवर आणि शिवणाच्या मशीनच्या पुलीवर, आणि ते बसवणाऱ्यांत आमचे आप्पा असायचे, दोन-दोन रात्री घरी यायचे नाहीत. भोकाचा पैसा वॉशर म्हणून लावणारा माणूस पॉइंट काय कंपनीचा आणून लावणार होता? आणि मी शहाणा, त्यांच्या जुगाडाला ओरिजिनल समजून त्याची नक्कल अख्ख्या इंदुरात शोधत होतो. जी वस्तू जगात फक्त एकच होती. आणि कपाटात फेकलेली ती विलायती डबी बिचारी बरोबर होती.

काकांना विचारलं तर ते म्हणाले, "अरे तो तिसरा असेल. पहिला इंजिनाबरोबर आला तो झिजला, दुसऱ्याचे ठिपके उडाले म्हणून तो सराफ्यात गेला, ओळखीच्या कारागिराकडून चांदी डाग देऊन घेतली." चांदीच का, तर आप्पांचं म्हणणं की करंट चांदीतून सगळ्यात छान वाहतो. ते खरंच आहे. पण चांदी ९६१ अंशांना वितळते आणि टंगस्टन ३४२२ला, आणि पॉइंटवर मिनिटाला हजारो बारीक ठिणग्या. "आठ दिवस असं चाललं म्हणून सांगू," काका म्हणाले, "आणि नवव्या दिवशी दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटले. दादा काही बोलला नाही, नुसता हसला. मग हा बसवला." हा म्हणजे कशाचा? ते काकांनाही माहीत नाही. आप्पांनी कुठे लिहून ठेवलं नाही. बाकी दुधाचा, किराण्याचा हिशोब वर्षानुवर्षं वहीत, पण ह्याचं एक अक्षर नाही. मला त्याचा खरंच राग आला, मेलेल्या माणसावर येतो तसा, ज्याचं काही करता येत नाही.

आता तुम्हाला वाटेल की विलायती पॉइंट बसवला आणि काम झालं. नाही झालं. आप्पांनी त्यांचा पॉइंट बसवताना खालची पिन पण घासून बारीक केली होती, म्हणजे आता बरोबरचा पॉइंट त्या पिनेवर डगडग हलायचा. चुकीच्या वस्तूसाठी मशीन बदललं की बरोबरची वस्तू चुकीची होते, हे असलं आहे. उस्ताद म्हणाले मशीन आणा. टेम्पो केला, नेलं. त्यांनी व्हर्नियर मागितला नाही, ड्रिलच्या सळ्यांचा जुडगा काढला आणि एकेक सळी भोकात घालून पिनेचं माप काढलं, टाचेची उंची मधल्या बोटाच्या नखावर घेतली, आणि नातवाला सांगितलं, अमुक खोक्यातला अमुक काढ. एका जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा पॉइंट निघाला. टाच सरळ पडली, दांडी एक केस लांब होती ती बसायची पट्टी सरकवून जमली, कानस लावायची वेळच आली नाही. कुठल्या गाडीचा ते मी इथे लिहीत नाहीये, मुद्दाम, कारण त्याच गाडीला पुढे वेगळ्या पिनेचा पॉइंट यायला लागला आणि माझ्या इंजिनाची पिन आप्पांनी घासलेली, तुमची नाही. तुम्ही माझं वाचून आणाल आणि मग मलाच शिव्या घालाल. पिनेची जाडी, टाचेची उंची, स्प्रिंग कुठल्या बाजूला आणि आर्थ कुठला, हे चार मापून घेऊन जा आणि दुकानदाराने "कौनसी गाड़ी का" विचारलं की म्हणा, कोणत्याही.

भाच्याचं म्हणणं होतं की पॉइंटच काढून टाका, इलेक्ट्रॉनिक लावा. तसं मिळतं. परदेशात गवत कापायच्या मशीनच्या जुन्या इंजिनांना पॉइंटच्या जागी लावायचं काडेपेटीएवढं मॉड्यूल मिळतं, आत ट्रान्झिस्टर, तोच करंट तोडतो, झिजायचं काही नाही. माझं त्याच्याशी भांडण नाही, रोज शेतावर चालवायचं असतं तर मीही तेच लावलं असतं. पण आपल्याकडे लोक मोपेडचा सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ठिणगीचा डबा, उचलून आणतात आणि ह्याच्यावर लावायला बघतात, तो चालत नाही, त्याला चार्ज करणारी वेगळी कॉइल लागते, ती ह्या इंजिनात नाहीच. उस्तादांनी एवढंच म्हणलं, "डिब्बा बिगड़ा तो फेंकना पड़ेगा, पॉइंट बिगड़ा तो घिस लेंगे." वर मला झापलं ते वेगळंच, कारण तीन महिने फ्लायव्हील काढून उघडं ठेवलं होतं. जुन्या पोलादी चुंबकांवर लोखंडाची पट्टी आडवी ठेवायची असते, नाहीतर ते हळूहळू उतरतात. पेचकस जवळ नेऊन बघितला, अजून ओढत होता. नशीब.

प्लगचं मात्र मला वाटलं होतं सोपं असेल. जुना प्लग केएलजी, त्यातली अक्षरं म्हणजे केनेल्म ली गिनेस नावाच्या रेसवाल्याची, अशा नावाचा माणूस रेसच लावणार. बदली प्लगला आधी दोन गोष्टी बघायच्या, आट्याची जाडी आणि आट्याची लांबी. अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंची लावला तर वरून दिसायला सारखाच, आत पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला जाऊन भेटतो. पण खरा सापळा आकड्यांचा. प्लग गरम की थंड हे आकड्यावर कळतं, आणि एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा आकडा वाढला की प्लग गरम, बरोबर उलट. एनजीकेच्या बी ६ एचएसच्या जागी बॉशचा डब्ल्यू ७ एसी चालतो, पण बी ७च्या जागी डब्ल्यू ८ शोधायला गेलात तर फसलात. आणि बॉशने स्वतःच मध्ये पलटी मारलेली आहे. आप्पांच्या डब्यात मायकोचा, म्हणजे बॉशच्याच इथल्या कंपनीचा, जुना प्लग निघाला, डब्ल्यू १७५, त्या जुन्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन डब्या शेजारी ठेवल्या तर एक म्हणते चढ, दुसरी म्हणते उतर. दुकानदारांना हे सांगायला गेलं की ते म्हणतात, साब, सब चलता हे. चालतं खरं, काळा पडेपर्यंत किंवा पिस्टन भाजेपर्यंत.

ह्या सगळ्या वेळात मला सारखं वाटायचं की आपण काहीतरी कमअस्सल करतोय, खरं नाही मिळत म्हणून खोटं लावतोय. मग कुठेतरी हे वाचलं. मॅग्नेटो मुळात जर्मनांची, रॉबर्ट बॉशने पहिली १८८७ला केली ती एका जागी बसवलेल्या इंजिनासाठीच, आणि १९०२ला त्याच्याकडच्या होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने हाय व्होल्टेजची मॅग्नेटो आणि तिला साजेसा प्लग काढला. इंग्लंड आपल्या बहुतेक मॅग्नेटो तिकडूनच आणायचं. १९१४ला महायुद्ध सुरू झालं आणि दुकानच बंद! साहेबाकडे इंजिनं आहेत, विमानं आहेत, ठिणगी नाही. मग झक मारत आपली आपण करायला लागले, आणि विलियर्सची ही फ्लायव्हीलमधली मॅग्नेटो त्या युद्धानंतरच्या काळातली. म्हणजे माझ्या इंजिनातला जो भाग मी अस्सल अस्सल म्हणून जपत होतो त्याचं खानदानच "तो मिळत नाही ना, मग हे लावू" ह्यातलं. साहेबाला पण कुणीतरी काउंटरवर विचारलं असेलच.

इंजिन सुरू झालं ते पितृपक्षातल्या एका सकाळी. योगायोग आहे, मी काही मुहूर्त काढला नव्हता, उस्तादांना वेळ तेव्हा होता. घासलेट आता मिळत नाही, पेट्रोलवरच. दोरी गुंडाळली, सातव्या ओढीला एकदा खोकलं, अकराव्या ओढीला लागलं. तोच आवाज, मध्ये मध्ये एक ठोका चुकवणारा, आणि मला आठवत होता त्याच्यापेक्षा बराच मोठा. काकांना मुद्दाम रिक्षाने आणलं होतं, ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "गव्हर्नर ढिला आहे." बारा मिनिटांनी बंद पडलं. गार झाल्यावर परत लागलं, परत बारा मिनिटांनी बंद. ही कॉइलची खूण, आतलं इन्सुलेशन गरम झालं की फुटतं, गार झालं की सांधतं. बाहेर प्लग काढून बघितला तर ठिणगी दिसते, पण आत दाबलेल्या हवेत उडी मारायला जास्त जोर लागतो, तिथे ती हरते. कॉइल नवी गुंडाळायला दोघांनी नकार दिला, "इतना बारीक तार अब कौन भरता हे". शेवटी उस्तादांच्याच भंगारातल्या एका मोपेडच्या कॉइलचा आतला चौकोन आपल्या पत्र्यांच्या दांडीवर जवळजवळ बसला, जो ढिला होता तिथे एम्पायरच्या पट्ट्या भरल्या. ते करताना एकदा प्लगची वायर हातात असताना नातवाने दोरी ओढली. मी कुठे जाऊन पडलो ते सांगत नाही, पण तेव्हा सगळ्यांची खात्री पटली की कॉइल चांगली आहे.

मग ते घेणारे गृहस्थ आले. पांढरे हातमोजे, छोटी बॅटरी. मी दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला लागलं, मी त्यांच्या तोंडाकडे बघतोय. ते म्हणाले बंद करा. कव्हर काढायला लावलं, वाकून बघितलं, आणि एकेक बोट दाखवत गेले, पॉइंट ओरिजिनल नाही, कॉइल ओरिजिनल नाही, हा बाहेरचा काय आहे, कंडेन्सर? म्हणाले, बंद पण अस्सल असतं तर जास्त दिले असते. मी म्हणलं तुम्हीच चालू हवं म्हणाला होतात. ते म्हणाले हो, चालू, पण ओरिजिनल चालू. भोकाच्या पैशाकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं, म्हणाले हा सुटा देता का, नाण्यांचा पण शौक आहे.

दिला नाही. इंजिनही दिलं नाही. डोकं फिरलं होतं म्हणून दिलं नाही, दुसरं काही नाही. आता ते पार्किंगमध्येच आहे, सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवसांचे आठ महिने झाले.

मात्र एक केलं. कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने सगळं लिहून ठेवलं, पॉइंट कशाचा, पिन किती, गॅप पंधरा थाउ, कंडेन्सर ०.२२ बाहेर आहे, आतला मेलेला आहे त्याला हात लावू नका, प्लग आखूड आट्याचा, कॉइल मोपेडची. तिसऱ्यांदा कव्हर उघडलं तर ऑइलने सगळं पुसून निळा डाग राहिलेला. मग परवा खिळा आणि हातोडी घेऊन बसलो, एकेक अक्षर ठोकून कोरायला. पार्किंगमध्ये लाइट कमी. बायको वरून हाक मारून थकली, मग खाली आली आणि थोडा वेळ बघत उभी राहिली. म्हणाली, अहो, हे वाचणार कोण? मी म्हणलं, मोबाइलची बॅटरी लाव जरा इकडे, दशांश चिन्ह नीट पडलं नाहीये, कुणीतरी बावीस वाचेल.